मेलानोमावर इम्युनोथेरपी सुरू असताना जुलाब झाल्यास वाट पाहावी का?

इंदूरला आपल्या वडिलांना फुफ्फुसात पसरलेल्या मेलानोमासाठी (बहुधा त्वचेत सुरू होणारा कर्करोग) निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध सुरू आहे आणि दुसऱ्या डोसनंतर जुलाब होत आहेत, असे आपण लिहिले आहे. कृपया वाट पाहू नका, आजच कर्करोगतज्ज्ञांना कळवा. हे औषध कर्करोगाच्या पेशी थेट मारत नाही, तर पीडी-१ हा प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करते (प्रतिकारशक्तीच्या अशा लगामांवरील संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले), आणि मोकळी झालेली तीच शक्ती कधी आतडे, यकृत, फुफ्फुस किंवा थायरॉइडवर उलटते. त्यामुळे राजवाड्याजवळच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणून दिल्यास लक्षण झाकले जाते, आतड्याची सूज मात्र वाढत राहू शकते. तिच्यावर बहुधा स्टेरॉइड देतात आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. तक्रार केली तर उपचार थांबेल, या भीतीने रुग्ण गप्प राहतात, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. वास्तविक दुष्परिणामांमुळे औषध थांबवावे लागलेल्या अनेक रुग्णांतही रोग पुढे आटोक्यात राहिला आहे. धाप, छातीत दुखणे, कावीळ किंवा शौचातून रक्त दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.