पऱ्हाटीवरची हवा अन् दोन रंगांचा लेझर

प्रश्न: भाऊ, पोराच्या शाळेतलं कार्बन डायऑक्साइडचं मीटर वावरात नेऊन पाह्यलं. सकाळी सहाला हवेच्या दहा लाख भागांत ४७०, दुपारी ४१०. मशीन बिघडली का? अन् हा वायू ऋतूप्रमाणं बदलते, लेझरनं मोजतात म्हणे, दिसत तर नाही मंग मोजतात कसा? (एक कास्तकार, जि. यवतमाळ)

उत्तर: मशीन बिघडली नाही हो भाऊ. रात्री झाडं अन् माती हा वायू सोडतात, थंड हवा जमिनीला चिकटून बसते, वर मिसळतच नाही, म्हणून पहाटे साचतो. ऊन चढलं की हवा तापून उसळते, पऱ्हाटीही तो खायला लागते, आकडा उतरतो.

ऋतूचा फरक याच्यापेक्षा बारीक. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर, पण तिथं मे महिन्यापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरतो तो फक्त सहा-सात भाग, उत्तरेकडची झाडं-पिकं ओढून घेतात म्हणून. लेझर तर तेव्हा बनलाच नव्हता, पहिला १९६० चा.

आता असं समजा, दोघं जण सारखीच संत्र्याची टोपली घेऊन एकाच रस्त्यानं निघाले. खड्ड्यात सांडतील ती दोघांचीही सारखीच, पण एकाची रस्त्यावर ओळखपाळख लय, जो भेटेल तो दोन उचलतो. शेवटी टोपल्यांतला फरक मोजला की किती ओळखीचे भेटले ते कळतं. लेझरचंही तेच, १.५७ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींच्या आसपासचे, डोळ्याला न दिसणारे, अगदी जवळजवळचे दोन रंग सोडतात, एक या वायूला गिळता येतो, दुसरा जवळपास नाही. धूळ-धूर दोघांनाही सारखाच अडवतो अन् थोडा उजेड मागं फिरवतो, म्हणून परत आलेल्या दोन रंगांतला फरक म्हणजे या वायूनं गिळलेला उजेड. उजेड धुळीवरून परत यायला एक किलोमीटरसाठी सात मायक्रोसेकंदही (सेकंदाचे दहा लाखावे भाग) लागत नाहीत, त्या वेळेवरून कोणत्या उंचीवर किती वायू तेही निघतं, खालच्या हवेसाठी हेच कामाचं. रात्रीही चालतं, उन्हाची गरज नाही.

अडचण एकच मोठी, दाट ढगातून लेझर जात नाही, अन् आपलं पीक जोरात वायू ओढतं ते नेमकं सावन-भादव्यात!

तुमचं मीटर दुपारी दोन-तीनला लावत जा, अन् तोंडापासून दूर धरा, आपल्या श्वासातच दहा लाखात चाळीसेक हजार भाग असतात.