पुढच्या चाकाचा घूंऽऽ आवाज

प्रश्न : आमची जुनी स्विफ्ट आहे, साठच्या वर गेली की पुढून घूंऽऽ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो टायर बदला, मला वाटतं व्हील बेअरिंग गेलंय. जॅक, पाने, हातोडा सगळं आहे, मुलगापण मदतीला आहे. अंगणातच बदलता येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी आवाज कुणाचा ते बघा. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, हायवेच्या काँक्रीटवर एक आणि गावातल्या डांबरीवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचं फारसं पडलेलं नसतं, ते स्पीडबरोबर चढत जातं. उजवीकडच्या लांब वळणावर भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डावं गेलंय. मग चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर बोटांना सरळ कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर मुलाला ब्रेक दाबायला सांगा, तो खेळ (ढिलेपणा) गायब झाला तर बेअरिंग, नाहीतर बॉलजॉइंट (चाकाखालचा फिरता सांधा) वगैरे बघा.

आता अंगणाचं. गाडी जॅकवर ठेवून काम करू नका आणि खाली जांभ्याचा चिरा तर अजिबात लावू नका, आपल्याकडे हाताशी असतो म्हणून सगळे लावतात पण जांभा एका जागी भार आला की फुटतो. जॅक-स्टँड आणा, खाली जाड फळी टाका, पावसात हे काम काढूच नका.

माझं मत विचाराल तर अर्धंच काम घरी करा. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा, आपल्या खाऱ्या हवेत तो बऱ्याचदा धरलेला असतो, आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवा. ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) तारेने बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळचा तिचा सेन्सर आधी सोडवा. स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या) बोल्टांची जागा खुणेने आखून घ्या आणि आख्खं नकल (बेअरिंग आणि हब धरणारा लोखंडी भाग) काढून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपात न्या. बेअरिंग नकलात दाबून बसवलेलं असतं, हातोड्याने ठोकून बसेलही, पण मार बॉलवरून गेला की आतल्या रेसवर (बॉल ज्यावर फिरतात त्या कड्यावर) खड्डे पडतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच घूंऽऽ. नकलात बसवताना दाब बाहेरच्या रेसवर, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) घालताना आतल्या रेसला खालून आधार, एवढं प्रेसवाल्यासमोर उभं राहून बघा. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) विसरू नका. एबीएसवाल्या बेअरिंगला एका बाजूला मॅग्नेटची रिंग असते, ती सेन्सरकडेच यायला हवी, उलटं बसलं तर सगळं परत खोला.

एक्सलचा नट नवीन घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा आणि तो आवळेपर्यंत गाडी हलवू नका. शेवटी अलाइनमेंट करून घ्या. दुसऱ्या बाजूचं बेअरिंग गप्प असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात गाडीची पुढची चाकं बुडाली होती. बेअरिंगना ग्रीस भरून घेऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : हल्लीच्या गाड्यांची पुढची बेअरिंगं सीलबंद येतात, भरायला जागाच नाही. गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवा, पण प्रेशरचा फवारा हबवर जवळून मारू नका, सीलमधून पाणी आत ढकललं जातं. आत गेलेलं खारं पाणी लगेच बोलत नाही, पुढचे काही महिने कान उघडे ठेवा. आणि पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) गाडी घालायची हौस जरा आवरा.