कोल्हापुरात केमिस्ट्रीला काय आहे?

कसबा बावड्यातून एका आईंचं पत्र आलं आहे. लेक बारावी सायन्स झाली, सीईटीला ७१ पर्सेंटाइल पडले. तिला बीएस्सी केमिस्ट्री करायचं आहे. मामांचं म्हणणं, मुलींना आता इंजिनिअरिंगची फी माफ आहे, तेव्हा कॉम्प्युटरला घाला. वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. लेकीनं कोल्हापूर सोडू नये आणि आपल्यासारखे काळे हात करून घेऊ नयेत, एवढंच त्यांचं मागणं आहे. आईंनी शेवटी लिहिलंय, "केमिस्ट्री करून कोल्हापुरात काय मिळणार? घरात शिकवण्या घेत बसावं लागेल असं सगळे म्हणतात."

ताई,

सगळे म्हणतात ते का म्हणतात, हे मला कळतं. आपल्याकडे पदवीच्या नावावरून नोकरी शोधायची सवय आहे. केमिस्ट्री म्हटलं की डोळ्यांपुढे औषधांची मोठी कंपनी येते, ती आपल्याकडे दिसत नाही, आणि मग विषयच बाद होतो. पुण्या-मुंबईत तसा विचार करून चालतं, कारण तिथं जवळपास प्रत्येक विषयाला चार कंपन्या सापडतात. कोल्हापुरात उलटीकडून यावं लागतं. आपल्या घरापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत रोज काय तयार होतं, ते आधी बघायचं. त्या कामाला काय येणारा माणूस लागतो ते नंतर, आणि पदवीचं नाव सगळ्यात शेवटी.

तुम्ही बावड्यात राहता, म्हणजे गळीत सुरू झालं की मळीचा वास तुमच्या घरात येत असणार. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्या वेळी रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं मिळून किती) आणि पोल (त्यात साखर किती) दिवसरात्र, पाळीपाळीनं तपासत असतात. साखर उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली, तो निघतो या आकड्यांतून. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरते आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, याचा एक धागा लॅबमधल्या केमिस्टच्या वहीपर्यंत जातो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत तपासणीचं काम वाढलं आहे.

दुधाचंही तेच. १०.७५ मिली दूध, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १ मिली अमाइल अल्कोहोल, आणि मग सेंट्रिफ्यूज. फॅट काढायची ही गर्बर पद्धत. गावोगावच्या दूध संस्थांत आता मशीन आलीत, पण मशीन खरं बोलतंय का हे पडताळायला शेवटी ॲसिडच लागतं. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये रंग पक्का बसतो का, सांडपाण्यात काय जातं, हेही कुणीतरी तपासतंच.

पण मला थोडं जास्त बोलायचं आहे ते फाउंड्रीबद्दल, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याबद्दल, कारण ती तुमच्या घरातच आहे. आज रात्री मिस्टरांना विचारा, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, हार्ड स्पॉट (एखादी जास्तच कडक जागा) आला की काय होतं? ते सांगतील, टूलची टीप उडते, जॉब वाया जातो, आणि दोष पहिल्यांदा लेथवाल्यावर येतो. हा हार्ड स्पॉट बहुतेक वेळा लेथवर तयार होत नाही. ओतताना सिलिकॉन कमी पडलेलं असतं, किंवा कास्टिंगची पातळ जागा झपाट्यानं थंड झालेली असते. मग कार्बनचं मऊ ग्रॅफाइट व्हायचं ते होत नाही, तो लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड होतो आणि तिथं टूल आपटतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या बऱ्याच फाउंड्रीत हे टाळायचं काम एका छोट्या वातानुकूलित खोलीत चालतं. भट्टीवरचा माणूस पळीभर धातू साच्यात ओतून नाण्याएवढा नमुना आणून देतो. तो घासायचा, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, ठेवायचा, ठिणगी पाडायची. मिनिटाच्या आत पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर असे आकडे येतात. खोलीतली व्यक्ती ते बघून फोनवर सांगते, सिलिकॉन एवढं टाका, कार्बन एवढा वाढवा. तिचा ओके आल्याशिवाय ती हीट, म्हणजे भट्टीतला तो वितळलेला धातू, ओतत नाहीत. एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड, असेल तर घाई आणखी, कारण मॅग्नेशियमचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो. शेजारच्या टेबलावर वाळूची ओल तपासतात. ती वाढली की वाफ अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे पोकळी, पडतो. तुमचे मिस्टर ज्या गोष्टीला आयुष्यभर वैतागले असतील, ती होऊ न देण्याचं काम ही केमिस्ट्री आहे. आणि पंखा सोडा, त्या खोलीत मशीनसाठी का होईना, एसी असतो.

आता बघा, साखर, दूध, कापड, लोखंड, चार वेगळे धंदे. पण नमुना नीट घेणं, मोजमाप अचूक करणं, आकडा चुकला तर कुठं चुकला ते शोधणं, हे चारही ठिकाणी लागतं. लहान शहरात मला हेच महत्त्वाचं वाटतं. इथं एकेका धंद्यात कंपन्या मोजक्या असतात. एकाच धंद्याला चिकटलेली पदवी घेतली आणि तिथं भरती थांबली, की बसला घरी. हातात असं काम हवं की एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येईल.

माझ्याकडे बायोटेक्नॉलॉजी केलेली एक मुलगी आली होती. दीड वर्ष 'बायोटेक' असा शब्द असलेल्या जाहिराती शोधत होती. कोल्हापुरात एकही सापडली नाही. मी तिला विचारलं, प्रॅक्टिकलमध्ये तुला काय काय करता येतं? ती म्हणाली, प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती वाढवता येतात, मोजता येतात. अहो, डेअरीत दुधाच्या पिशवीसाठी रोज तेच करतात! आज ती तिथंच आहे. बायोटेक हा शब्द तिच्या नेमणूकपत्रात कुठंही नाही.

मामांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फीमाफी खरी आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर ती मोठी गोष्ट आहे. कॉम्प्युटरही चांगला विषय आहे. कोल्हापुरात सॉफ्टवेअरच्या कंपन्या आहेत, पण लहान आणि मोजक्या. रविवारी रात्री तावडे हॉटेलपाशी उभ्या राहा. पाठीवर बॅग, हातात आईनं दिलेला डबा घेऊन पुण्याच्या गाडीची वाट बघणारी पोरं दिसतील. त्यातली कितीतरी कॉम्प्युटरवाली असतात. त्यात वाईट काही नाही, घरं उभी राहिलीत त्यांच्या पगारावर. फक्त 'कॉम्प्युटरच कर' आणि 'कोल्हापूर सोडू नको' या दोन अटी एकाच मुलीवर एकदम घालू नका. घरात बसून आधी ठरवा, यातली कुठली अट तुम्ही सोडायला तयार आहात. माझं मत विचाराल तर लेकीला बाहेर जाऊ द्यायची तयारी दोन्ही विषयांत ठेवावी.

शहराचं कामही एका जागी थांबत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. इतकी वर्षं इथले वकील त्यासाठी झगडत होते. कायद्याची पदवी तीच, अभ्यास तोच, पण इथंच राहून हायकोर्टाचं काम करायची वाट उघडली. म्हणून 'अमुक विषयाला कोल्हापुरात काही नाही' असं कायमचं कुणी सांगितलं तर मी ते मानत नाही.

आता कडू भाग. बीएस्सीचा सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि पहिली दोन-तीन वर्षं मामांच्या ओळखीतल्या कुणा इंजिनिअर मुलाशी तुलना होऊन तुम्हाला वाईट वाटेल. साखर कारखान्यात बरीच कामं हंगामी असतात, गळीत संपलं की घरी. लॅबमध्ये शिफ्ट असते. काही फाउंड्रीवाले अजून मुलींना घेत नाहीत. काही आनंदाने घेतात आणि जनरल शिफ्टला ठेवतात. हे मुलाखतीला जायच्या आधी सरळ विचारून घ्यायचं, त्यात संकोच नको.

आणि नुसती पदवी पुरत नाही. जर्नल दुसऱ्याचं उतरवून प्रॅक्टिकल पास झालेली मुलं माझ्यासमोर बसतात, तेव्हा टायट्रेशनचा शेवटचा थेंब त्यांनी स्वतः कधी पाडलेला नसतो. तुमच्या लेकीनं तसं करू नये. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप, ऑन जॉब ट्रेनिंग आहे. ते कागदावर उरकू नका, दर सुट्टीत एक लॅब, असं धरा. पदवीनंतर १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप, म्हणजे स्टायपेंड घेत कारखान्यात काम शिकणं, आता बीएस्सीवाल्यांनाही मिळते. साखरेतच पुढं जावंसं वाटलं तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे अभ्यासक्रम आहेत. एक्सेल मात्र पहिल्याच वर्षी शिकू दे, कारण तपासलेला आकडा शेवटी तिथंच भरायचा असतो.

इथल्या बऱ्याच नोकऱ्यांची जाहिरात येत नाही. लॅबमधली मुलगी लग्न होऊन गेली, जागा रिकामी झाली, की मॅनेजर आधी फोन करतो तो सुट्टीत काम करून गेलेल्या मुलीला. लोक याला वशिला म्हणतात, मला ते पटत नाही. वशिला दुसऱ्याच्या नावावर चालतो. इथं त्या माणसानं तिचं काम स्वतः बघितलेलं असतं.

शेवटी एक करा. मिस्टरांना सांगा, हार्ड स्पॉटमुळे बाद झालेलं एखादं लहान कास्टिंग शेठना विचारून घरी आणा. लेकीपुढं ठेवा आणि टीप कुठं उडाली ती जागा त्यांनाच तिला दाखवू दे. ती बोट फिरवून 'असं का झालं?' विचारत बसली तर केमिस्ट्रीचा फॉर्म भरा. बघून मोबाइल हातात घेतला तर रागावू नका, तिला घेऊन माझ्याकडे या. कॅपची मुदत संपायच्या आत या म्हणजे झालं, म्हणजे कॉम्प्युटरचाही विचार नीट करता येईल.