सिव्हिकला लोअरिंग स्प्रिंग आणि कॅम्बर आर्म बसवल्यावरही मागचे टायर आतून का झिजतात?

तुमचं म्हणणं असं : २००९ ची सिव्हिक, लोअरिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या) स्प्रिंग टाकल्या, मागे ॲडजस्टेबल कॅम्बर आर्म (कॅम्बर म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत किंवा बाहेर असलेला कल) बसवले, अलाइनमेंट केली. कॅम्बर मशीनवर हिरव्यात, म्हणजे मर्यादेत आला, तरी मागचे दोन्ही टायर आतून झिजताहेत आणि सरळ जाताना स्टिअरिंग जरासं उजवीकडे राहतं. प्रिंटआउटवर मागचा टो (वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर किती अंश वळलंय ते) डावीकडे −०.१०, उजवीकडे −०.५०. अलाइनमेंटवाला म्हणतो, ‘मागे काही ॲडजस्ट होत नाही.’

होतं हो. त्याच्याकडे दिवसभर वॅगनआर आणि स्विफ्ट येतात, त्यांना मागे खरंच फिरवायला काही नसतं, म्हणून तो पुढचं करून मोकळा होतो. तुमच्या सिव्हिकला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. कंपनीने कॅम्बरची सोय दिलेली नाही (म्हणून तर तुम्ही ते आर्म घेतलेत), पण टोसाठी खालच्या आर्मला, सबफ्रेमच्या (आर्म ज्या लोखंडी चौकटीला जोडलेले असतात तिच्या) टोकाशी, कॅम बोल्ट म्हणजे मध्य सरकवलेल्या चकतीचा बोल्ट असतो. तो फिरला की टो बदलतो.

आता ते दोन आकडे नीट बघा, कारण तुमच्या दोन तक्रारींची कारणं त्यांत वेगवेगळी आहेत. बेरीज −०.६०, म्हणजे टो-आउट, चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली. गाडी सरळ धावताना ते दोन्ही चाकांत वाटलं जातं, प्रत्येकी ०.३० अंश. ऐकायला किरकोळ, पण हिशेबाने दर किलोमीटरला टायर पाचेक मीटर आडवा फरफटतो. त्यात गाडी खाली आल्यावर वजन आतल्या कडेवर, मग ती कड आधी जाणारच. फरकाचा निम्मा ०.२० अंश, हा थ्रस्ट अँगल. मागची चाकं एकत्रितपणे तेवढी उजवीकडे बघताहेत, त्यामुळे पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात, आणि स्टिअरिंगवर ते तीनेक अंश दिसतं. पुढचे टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) फिरवून स्टिअरिंग सरळ करून देणारे भेटतील. करू देऊ नका. गाडी खेकड्यासारखी तिरकीच चालेल, फक्त तुम्हाला दिसणार नाही.

खात्री हाताने होते. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एकीकडे गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो. आतली कड नुसतीच गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर.

पण मशीनवर परत जाण्याआधी आर्म कसे बसवले ते विचारा. माझा पहिला संशय तिथेच आहे. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळताहेत, आणि त्याच स्थितीत मेकॅनिकने बोल्ट कचकचून आवळले, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, त्याची आतली नळी बोल्ट आवळला की जागीच पक्की होते. मग गाडी खाली आली की रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. उंची चुकते, मागचे दोन्ही कोपरे सारखे बसत नाहीत, आणि बुश लवकर फाटतो. उपाय फुकटाचा आहे : मागच्या सगळ्या आर्मचे बुश-बोल्ट सैल करायचे, गाडी चार चाकांवर उभी करायची (पिट किंवा रॅम्प असला की काम सोपं), डिकीवर जोर देऊन चार-पाच वेळा दाबायची, आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळायचे. त्याच वेळी दोन्ही कॅम्बर आर्म छिद्रापासून छिद्रापर्यंत मोजून घ्या; खोक्यातून निघतात तसेच ते सारखे असतील असं धरून चालू नका. लॉकनट घट्ट आहेत ना, तेही बघा.

कॅम बोल्ट जाम असण्याची शक्यता भरपूर. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो; नट फिरतो, कॅम हलत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गॅसने तापवायला नाही म्हणा, बुश जळतो. नाहीच सुटला तर कापून नवा बोल्ट आणि बुश. काढण्यापूर्वी कॅमच्या जागेवर रंगाची खूण करून ठेवा.

अलाइनमेंटचा क्रम : आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, शेवटी पुढचं. कॅम्बर आर्म हलवला की टोही सरकतो, म्हणून उलट केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. रोजच्या वापराला मी कॅम्बर उणे एक ते दीडच्या मध्ये ठेवेन आणि टो प्रत्येक बाजूला +०.०५ ते +०.१०, दोन्हीकडे सारखा. प्रिंटआउटवर थ्रस्ट अँगल शून्याजवळ आल्याशिवाय पैसे देऊ नका.

उजवा कॅम टोकापर्यंत फिरूनही टो जागेवर येत नसेल, तर मग प्रकरण स्प्रिंगचं नाही. जुनी गाडी आहे, मागून कधी ठोकलेली असू शकते. अशा वेळी आणखी अलाइनमेंट करत बसू नका. सबफ्रेमचे कर्ण मोजून घ्या आणि उजवा खालचा आर्म काढून डाव्याशेजारी सपाट फरशीवर ठेवून बघा.