वाचकांचे प्रश्न : टेबल टेनिसची इंडिया टीम ठरते कशी?

प्रश्न : सर, माझी मुलगी अंडर-फिफ्टीन खेळते, विश्रामबागला रोज प्रॅक्टिस असते. हॉलवरचे पालक म्हणतात इंडियाची टीम ओळखीवर ठरते, सांगली-साताऱ्याच्या पोरींचा तिथं नंबर लागत नसतो. खरं काय आहे? टीम कोण ठरवतं आणि कशावरून?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ओळखीचं बोलणं प्रत्येक खेळात ऐकायला मिळतं, पण टीटीत निदान कागदावर हिशोब असतो आणि तो पालकांनी समजून घ्यायलाच हवा, नाहीतर पोरगी चार वर्षं घाम गाळते आणि घरात कुणाला माहितीच नसतं की पॉइंट कुठं मिळतात. टीम निवडते टेबल टेनिस फेडरेशन ऑफ इंडियाची सिलेक्शन कमिटी. तिच्यापुढे तीन गोष्टी असतात, एक म्हणजे नॅशनल रँकिंग स्पर्धा आणि नॅशनल्समधला खेळ, दुसरी परदेशी स्पर्धांमधला खेळ, आणि तिसरी सिलेक्टर्सचं स्वतःचं मत. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थसाठी हे प्रमाण ५०-३०-२० टक्के होतं. प्रमाण बदलत राहतं, त्यामुळं चालू सीझनला काय आहे ते विचारून घ्या, विचारायला लाजू नका.

भांडणं होतात ती बहुतेक त्या शेवटच्या २० टक्क्यांवरून. त्याच कॉमनवेल्थच्या वेळी मुंबईच्या दिया चितळेचं नाव पहिल्या टीममध्ये नव्हतं, ती दिल्ली हायकोर्टात गेली, मग सुधारलेल्या यादीत अर्चना कामतच्या जागी दिया आली, आणि मग अर्चनाही कोर्टात गेली. वीस-बावीस वर्षांच्या पोरींनी स्पर्धा तोंडावर आलेली असताना प्रॅक्टिस सोडून वकिलांकडे हेलपाटे घालायचे हे मला अजिबात पटत नाही. तरीपण सिलेक्टर्सचं मत काढूनच टाका असं मी म्हणणार नाही. डबल्सची जोडी कुणाची जमते, डावखुरी कोण आहे, समोरच्या टीमला कुणाचा खेळ नडतो, हे पॉइंटच्या तक्त्यात दिसत नाही. फक्त कुणाला का घेतलं आणि कुणाला का नाही हे लेखी द्यावं, टीम जाहीर होईल त्याच दिवशी द्यावं, एवढं झालं तरी निम्मी कटकट मिटेल.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर आधी जिल्हा, मग स्टेट रँकिंग, तिथून नॅशनल रँकिंग. खर्च इथंच येतो बघा, स्पर्धा कधी इंदूरला कधी पंचकुलाला, सोबत घरचं कुणीतरी लागतं, राहणं-खाणं आलं, आणि सकाळी लवकर पहिली मॅच लागली आणि ती हरली तर पुढचा सगळा दिवस हॉलमध्ये दुसऱ्यांच्या मॅच बघत बसायचं. माझं मत विचाराल तर तो दिवस वाया जात नाही, बघू द्या तिला. पण मुंबई-पुण्याच्या मुलांना चांगले प्रॅक्टिस पार्टनर घराजवळ मिळतात आणि आपल्याकडं त्याच चार-पाच जणांशी रोज खेळावं लागतं, खरा फरक तिथं पडतो. सुट्टीत पंधरा दिवस तरी बाहेर पाठवा.

प्रश्न : बुसानला ऐहिका मुखर्जीनं वर्ल्ड नंबर वनला हरवलं होतं, तरी पॅरिस ऑलिम्पिकला तिला रिझर्व्ह ठेवली. हा अन्याय नाही का?
– एक वाचक, कराड

उत्तर : वाईट मलाही वाटलं होतं. फेब्रुवारी २०२४ ची ती वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपची मॅच ज्यानं पाहिली तो विसरणार नाही, ऐहिकाच्या बॅकहँडला अँटिस्पिन रबर, म्हणजे बॉलची फिरकी मारून टाकणारं, त्यावरून बॉल असा मेलेला परत जायचा की चीनची सुन यिंगशा, ती वर्ल्ड नंबर वन, तीसुद्धा गोंधळून जायची, आणि चार गेममध्ये ऐहिकानं मॅच काढली. पण पॅरिसची टीम वर्ल्ड रँकिंगवर ठरली. तिथं एका टीममध्ये तीनच खेळाडू होते, मनिका बत्रा आणि श्रीजा अकुला पक्क्याच होत्या, तिसऱ्या जागेसाठी अर्चना कामत रँकिंगमध्ये ऐहिकाच्या वर होती. हे रँकिंग मागच्या बारा महिन्यांतल्या सगळ्यात चांगल्या आठ निकालांवर निघतं, म्हणजे एक मॅच कितीही मोठी असली तरी तिच्या जोरावर वर जाता येत नाही, वर्षभर फिरून खेळावं लागतं. आणि २०२२ ला जिचं नाव कापलं तीच ही अर्चना, पॅरिसला क्वार्टर फायनलमध्ये आपण जर्मनीकडून १-३ हरलो त्यातली जिंकलेली एक मॅच तिची होती. त्यामुळं निवड चुकली असं मला म्हणता येत नाही, ऐहिकासाठी जीव तुटला तरी.

प्रश्न : इंडियाच्या ट्रेनिंग कॅम्पला गेलं नाही तर टीममधून काढतात का? मुलाची बारावी आहे.
– एक पालक, फलटण

उत्तर : २०२१ ला मनिका बत्राला काढलं होतं. सोनीपतच्या कॅम्पला ती गेली नाही म्हणून दोहाच्या एशियन चॅम्पियनशिपच्या टीममध्ये तिला घेतलं नाही, तिनं दिल्ली हायकोर्टात दाद मागितली आणि कोर्टानं कॅम्पच्या सक्तीला स्थगिती दिली. तुमच्या मुलाचं नाव कॅम्पसाठी आलं तर आनंदच आहे, परीक्षेच्या तारखा जोडून आधीच लेखी कळवा आणि त्या अर्जाची पोच घेऊन ठेवा.