घरच्या ड्राफ्ट बिअरसाठी (केगमधून, म्हणजे धातूच्या पिंपातून, नळाने काढायची बिअर) नळ, पाइप आणि फिटिंग्ज निवडताना पैसे कुठे घालावेत?

आधी नळात आणि शँकमध्ये (फ्रिजच्या दारातून आरपार जाणारी, नळ बसवायची नळी). दोन्ही ३०४ स्टेनलेस स्टीलचेच घ्या. क्रोम चढवलेलं पितळ दिसायला तसंच असतं, पण मुलामा उडाला की आतलं पितळ बिअरला लागतं आणि चवीला धातूचा वास येतो. नळ पुढून बंद होणारा असावा. साध्या नळात आतल्या भागात बिअर सुकते, दांडा चिकटतो.

फेसाची तक्रार बहुतेक वेळा पाइपच्या लांबीची असते, आणि लोक उगाच रेग्युलेटरला (कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर बसणारं, केगमधला दाब ठरवणारं उपकरण) दोष देतात. ३ ते ४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय दाब ठेवत असाल, तर ३/१६ इंच आतल्या व्यासाचा पाइप साधारण १० फूट लागतो. आखूड पाइपात दाब पुरेसा उतरत नाही, म्हणून ग्लासात नुसता फेस. सुरुवातीला लांबच घ्या. कापता येतो, वाढवता येत नाही.

केगचे कनेक्टर बॉल लॉक की पिन लॉक (केगला पाइप जोडायचे दोन प्रकार), हे केग पाहूनच ठरवा. एकमेकांना बसत नाहीत. आटे असलेले घ्या, धुवायला सुटे करता येतात. रेग्युलेटर दोन गेजचा (दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्यांचा) चालेल, मात्र चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये शिरते.

जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सिलिंडर उभाच, तोही हवेशीर जागी.