‘मला कळायलाच हवं होतं’मधला ‘च’

‘मॅडम, हा आजार पोटातून येतो म्हणे. मग आमच्या खाण्यामुळे झाला का?’ गेल्या दोनेक वर्षांत हा प्रश्न पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या किती घरांतून आला, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. विचारणारी बहुधा बायको असते. ‘आमच्या खाण्यामुळे’ म्हणजे ‘माझ्या स्वयंपाकामुळे’, हे ती बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

शैलाकाकू (नाव बदललंय) माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा काकांना पार्किन्सन्सचं निदान होऊन तीन वर्षं झाली होती. पुतण्यानं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता: आतड्यातले जंतू बिघडले की मेंदू बिघडतो. त्या रात्रीपासून काकूंची झोप उडाली.

‘चाळीस वर्षं मीच वाढतेय ना यांना! कोठा जड, पेपर घेऊन तासभर आत बसायचे. मी हसायचे. नंतर नंतर दूध करपलं तरी यांना वास येईना, त्यावरून भांडलेय मी. लक्षणंच होती ती. मला कळायलाच हवं होतं.’

पंचाईत अशी की यातलं बरंचसं खरं होतं. बद्धकोष्ठ आणि वास न येणं ही लक्षणं हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात. हायको ब्राक या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं २००३ मध्ये मांडलं, की काही रुग्णांत आजाराची सुरुवात आतड्याच्या मज्जातंतूंत होत असावी आणि पोट-मेंदूला जोडणाऱ्या व्हेगस नसेतून तो वर चढत असावा. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या संशोधकांनी पार्किन्सन्ससारखा बिघाड होणारे उंदीर जंतूंविना वाढवले, तर त्यांच्या हालचाली कमी बिघडल्या. रुग्णांच्या विष्ठेतले जंतू दिले, तर जास्त बिघडल्या. पण उंदीर तो उंदीर. माणसात जंतू आधी बदलतात, की आजारानं, औषधांनी आणि मंदावलेल्या आतड्यानं बदलतात, हा गुंता अजून सुटलेला नाही. निरोगी माणसांचे जंतू रुग्णांना देऊन पाहिले, त्या दोन चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये आले. बेल्जियममध्ये थोडा फायदा दिसला, फिनलंडमध्ये दिसला नाही. आणि बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स कधीच होत नाही, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

काकूंनी मान डोलावली आणि पुढच्या भेटीला तेच वाक्य घेऊन आल्या. माहितीनं अपराधीपणा निघत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. (बघा, मीही तेच म्हणतेय.)

मग मी त्यांचं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि विचारलं, ‘काकांचा कोठा कधीपासून जड?’

‘इकडे बदली झाली तेव्हापासून. ब्याण्णव-त्र्याण्णव.’

‘ब्राक यांनी हे सगळं मांडलं २००३ मध्ये. त्या वर्षी तुमच्या घरी काय चाललं होतं?’

‘धाकटीची दहावी.’

‘मग जर्मनीतल्या प्राध्यापकाला जे सुचायला २००३ उजाडलं, ते तुम्हाला नक्की कुठल्या साली कळायला हवं होतं?’

बराच वेळ फक्त पंखा ऐकू येत होता. मग काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘च’ खोडला. उरलेलं वाक्य वाचलं, तेही पटेना. ते सगळं खोडून खाली लिहिलं, ‘कळलं असतं तर बरं झालं असतं.’ आणि रडल्या. आधीही रडायच्या, पण या रडण्यात कोर्टकचेरी नव्हती.

माझी समुपदेशनाची पद्धत विवेकनिष्ठ, म्हणजे माणसाच्या मनातला ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट शोधत बसणारी. इतकी वर्षं मी तो लांबलचक समजावत आले, मराठीनं मात्र तो एका अक्षरात भरून ठेवलाय. तो कागद माझ्या खणात आहे. आता नव्या माणसाचं बोलणं ऐकताना मी आधी ‘च’ मोजते.

एक मात्र सांगायला हवं. अपराधीपणाच्या भरात काकू सकाळच्या गोळीसोबत वाटीभर दही आणि प्रोटीन पावडर देत होत्या. काका कुरकुरायचे, ‘सकाळची गोळी लागूच पडत नाही.’ त्या गोळीतलं लेव्होडोपा हे औषध आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं शरीरात एकाच दारातून आत शिरतात, गर्दी झाली की गोळी मागे राहते. न्यूरॉलॉजिस्टांनी गोळीची वेळ बदलून दिली, दही दुपारच्या जेवणात गेलं. तुमच्याकडे असं होत असेल तर वेळा मनानं बदलू नका आणि प्रथिनं तर अजिबात बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बद्धकोष्ठाचं सांगायलाही लाजू नका. त्यावर उपचार आहेत, आणि पोट तुंबलं की औषध लागू पडायलाही अडचण येऊ शकते. जंतूंच्या महागड्या कॅप्सुला मागवण्याआधी भाजी, फळं, पाणी आणि रोजचं फिरणं तरी नीट होतंय का ते पाहा. आणि व्हिडिओ पाठवणाऱ्या पुतण्यांनो, सोबत एक फोनही करत जा.

मागच्या भेटीला काकाही आले होते. निघताना दारात थांबून म्हणाले, ‘मॅडम, हिला इडलीचं सांगा ना. आंबवलेल्या पिठातही जंतू असतातच की.’ वाफवल्यावर ते जिवंत राहत नाहीत, हे मी गिळून टाकलं.

‘शनिवारी करीन,’ काकू चप्पल घालत म्हणाल्या. ‘करीनच असं नाही.’